अठ्ठाविसाव्या वर्षी बॅले: पाऊण गिरकीची गोष्ट

आज घरूनच रेकॉर्ड करतेय आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला ड्रिल मारतंय. अधूनमधून ऐकू आलं तर समजून घ्या.

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणून गेले की मंगळवारी संध्याकाळी मी नसते, माझा बॅलेचा क्लास असतो. त्यावर तुमचे इतके मेसेज आले की आज पाहुणे वगैरे कोणी नाही, मी एकटीच बोलणार आहे. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: ते पायाच्या अंगठ्यावर उभं राहतात, तेच का?

नाही. ते आधी मिटवून टाकते. ते टोकाला कडक असलेले बूट घालायला पाय, घोटा, पोट सगळं वर्षानुवर्षं तयार करावं लागतं. आम्ही मोठेपणी आलेले लोक मऊ, चपट्या कापडी जुत्या घालतो आणि फार तर चवड्यांवर उभे राहतो. तेही डगमगत.

तर मी पुण्याची, सिंहगड रोडची. बीटेक केलं, आणि तीन वर्षांपूर्वी इथे श्टुटगार्टला आले. गाड्यांचं गाव. माझ्या बॅचचेच सहा जण इथे आहेत, त्यामुळे पुण्यातल्या लोकांना या गावाबद्दल फार सांगायला नको. गाडीत जे सॉफ्टवेअर चालतं त्याचं टेस्टिंग मी करते.

बॅले शिकायचं असं काही स्वप्न वगैरे नव्हतं. मी गेले होते जर्मनच्या पुढच्या लेव्हलला नाव घालायला, फोल्क्सहोख्शूलंमध्ये. हे प्रकरण आपल्याकडे नाही, म्हणून थोडं सांगते. शब्दशः अर्थ लोकांचं उच्च विद्यालय, पण पदवी-बिदवी काही मिळत नाही. जवळपास प्रत्येक शहरात असतं, सरकारी मदतीवर चालतं, आणि तिथे मोठ्या माणसांनी काहीही शिकावं. भाषा, मातीची भांडी, योगासनं, टॅक्स कसा भरायचा. 1919 सालच्या जर्मन राज्यघटनेत या शाळांना सरकारने प्रोत्साहन द्यावं असं चक्क लिहिलेलं होतं. समजा, वसंत व्याख्यानमाला, शिवणक्लास आणि टायपिंग इन्स्टिट्यूट एकाच छपराखाली आणली, तर जे होईल ते.

जर्मनचा क्लास भरलेला होता. खाली स्क्रोल केलं तर 'बॅले, प्रौढांसाठी, पूर्वानुभवाची गरज नाही'. चौदा मंगळवार. मी फी भरून टाकली.

आणि खरं सांगू का, मला वाटलं होतं की मला येईल. कारण मी कथक केलंय. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्यात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम. मग दहावी आली. "इंजिनिअरिंगला लागलीस की परत सुरू कर," असं ठरलं. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या मुलींचं हेच ठरलं होतं, माहितीये मला. घुंगरू अजून आईच्या कपाटात आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

तर हा माझा माज घेऊन मी पहिल्या मंगळवारी गेले. बारा जण होतो. दोन पुरुष, एक बाळंतपणानंतर आलेली बाई, एक माझ्याच वयाची मुलगी, बाकीच्या चाळीस ते सत्तर. माझ्या शेजारी एक आजी, एकाहत्तर वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा, त्याला बार म्हणतात. (मी आईला फोनवर सांगितलं, "अर्धा तास बारवर असतो आम्ही." पलीकडे शांतता.)

पहिल्या वीस मिनिटांत माझा माज उतरला. कथकमध्ये तुम्ही जमिनीशी बोलता. पाऊल सपाट पडलं पाहिजे, तत्काराचा आवाज आला पाहिजे. अंगात इतकं भिनलेलं असतं ते, की बाई म्हणाल्या पाय पुढे सरकव, आणि मी तो टेकवताना थाप मारली. अख्ख्या खोलीत आवाज. इथे आवाज झाला म्हणजे चुकलं. पाय जमिनीवरून घासत जायचा, आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं. याला तॉंद्यू म्हणतात. हे एवढंच. पुढे, बाजूला, मागे, परत बाजूला. पहिले तीन मंगळवार मी दुसरं जवळपास काही केलेलं नाही.

आणि पावलं बाहेरच्या दिशेला वळवायची. ती गुडघ्यातून किंवा घोट्यातून नाही, मांडी जिथे कमरेला जोडलेली असते तिथून वळवायची. मी हुशारी करून पावलं भरपूर वळवली, सरळ एका रेषेत, फोटोत असतात तशी. बाई आल्या, खाली वाकल्या, आणि माझी पावलं हाताने निम्म्यावर आणून ठेवली. म्हणाल्या, "तुझा खुबा एवढाच वळतो. उरलेलं तू गुडघ्याकडून उधार घेत होतीस." त्या आजींची पावलं तर जेमतेम इंग्रजी व्ही एवढी उघडतात. पण ती त्यांची स्वतःची असतात.

गिरक्यांची तर मजाच. कथकमध्ये आम्ही टाचेवर चक्कर घेतो. नजर एका जागी रोखायची, मान शेवटी फिरवायची, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे मला वाटलं पिरुएट म्हणजे आपलंच राज्य. पण पिरुएट चवड्यावर घेतात, टाच वर ठेवून, दुसरा पाय गुडघ्यापाशी दुमडून. पाऊण गिरकी झाली की माझी टाच आपोआप खाली येते. मी ती आणत नाही, ती येते. दहावीत सोडलेला नाच टाचेत कुठेतरी बसून राहिलाय आणि नेमका तेव्हा जागा होतो.

आता मला न सुचलेली एक गोष्ट. माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, आणि ऑफिसबाहेर मी तीन वर्षं जवळपास मुकी आहे. दुकानात, डॉक्टरकडे, जिन्यात शेजारी भेटले की मी आधी वाक्य मनात जुळवते, तोवर समोरचा माणूस गेलेला असतो. क्लासमध्ये असं होत नाही. कारण बॅलेची भाषा फ्रेंच. चौदाव्या लुईने 1661 साली पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी काढली आणि तेव्हापासून शब्द तेच आहेत. प्लिए म्हणजे वाकलेलं, फॉंद्यू म्हणजे वितळलेलं, पा द शा म्हणजे मांजराचं पाऊल. बाई शब्द उच्चारतात आणि बाराच्या बारा जण सारखेच गोंधळतात. तिथे परकी मी एकटी नसते. लहानपणी आम्हीही आमद, तोडा, परण म्हणायचोच ना, अर्थ कुणाला माहीत होता? पाय कुठे टाकायचा ते माहीत होतं.

"पण हे आपलं नाही ना," असं एका मैत्रिणीने विचारलं. त्यावर मी जरा वाचलं. मादाम मेनका हे नाव ऐकलंय? खरं नाव लीला सोखी. त्यांचे पती मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक होते. बायकांनी स्टेजवर नाचणं चांगलं समजत नसत त्या काळात या बाई कथक शिकल्या, 'मालविकाग्निमित्रम्'सारखी नृत्यनाट्यं बसवली, आणि आपला संच घेऊन 1936 साली थेट जर्मनीत आल्या, बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळच्या नृत्यमहोत्सवात. नंतर त्यांनी नृत्याची शाळा काढली ती कुठे? खंडाळ्याला! आपण मुंबईला जाताना जिथे चिक्की घ्यायला थांबतो, तिथे. उलट दिशेचं उदाहरणही आहे, 'ला बायादेर' नावाचा प्रसिद्ध बॅले, 1877 चा, रशियातला. कथा भारतातल्या देवदासीची. बघा जरूर, फक्त त्यात भारत शोधू नका.

श्टुटगार्टचंही असंच. मला वाटायचं इथे फक्त इंजिनं होतात. जॉन क्रॅंको नावाचा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला माणूस 1961 साली इथल्या बॅलेचा प्रमुख झाला आणि बारा वर्षांत त्याने या गावाचं नाव जगभर केलं. 1973 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतताना विमानातच तो गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. आजही उन्हाळ्यात ऑपेरासमोरच्या बागेत मोठा पडदा लावून बॅले फुकट दाखवतात. मी गेले होते, चादर आणि चिवडा घेऊन. गंमत म्हणजे मला उड्या दिसेचनात. उडीच्या आधी गुडघे वाकतात ना, ते दिसत होतं. प्रत्येक वेळी, अगदी अर्ध्या क्षणासाठी. शेजारची मंडळी "वाह" म्हणायची तोवर माझं पाहून झालेलं असायचं.

बरं, आता मार्चकडे येते. हे सांगू की नको असं चाललं होतं माझं.

मार्चमध्ये एका मंगळवारी दुपारी दोन वाजता आमच्या सगळ्या टीमला मीटिंगला बोलावलं. वीस मिनिटांत संपलं. प्रोजेक्ट बंद. सप्टेंबरपर्यंत करार, पुढे नाही. या क्षेत्रातले जे ऐकत असतील त्यांना ही हवा माहीत आहे. परदेशात नोकरी जाते तेव्हा तिच्याबरोबर व्हिसा, घराचं भाडं, आईबाबांना काय सांगायचं, सगळंच डोक्यावर येतं. मी संध्याकाळी घरी जाऊन लॅपटॉप उघडणार होते. पण क्लासची फी भरलेली होती आणि मी पुण्याची आहे. गेले.

तिथे जाऊन मोकळं वाटलं वगैरे काही म्हणणार नाही. एवढंच झालं की उभ्या पायाचा गुडघा ताठ, खांदे खाली, हनुवटी वर, मोजणी आठची, आणि दुसरा पाय घोट्यापासून झटकन बाहेर, हे सगळं एकाच वेळी सांभाळताना त्या मीटिंगला डोक्यात जागा उरली नाही. दीड तास.

नंतर जुत्या काढताना आजींनी विचारलं, आज चेहरा असा का. मी मराठीत विचार केला, 'माझी जागा जाणार आहे', आणि त्याचं जर्मन करून टाकलं. प्लाट्झ. आता प्लाट्झ म्हणजे जागा, पण बसायची, उभं राहायची जागा. नोकरीची नव्हे. आजी एकदम चिडल्या. "कोण म्हणालं? ऑक्टोबरपासून तू खिडकीजवळच उभी राहतेस! तिथे दुसरं कोणी आलं तर मी बघते." आणि त्या खरंच बाईंकडे निघाल्या विचारायला. मी मागून "नाही, नाही, काम, काम!" करत गेले. खुलासा झाल्यावर सगळ्या जरा वेळ गप्प झाल्या. मग आजी म्हणाल्या, "बरं. पण ती जागा तर आहेच."

मी ट्राममध्ये रडले. क्लासमध्ये नाही, ट्राममध्ये.

त्याच सुमारास सत्र संपत आलं होतं. मी बाईंना विचारलं, पुढची लेव्हल कधी? परीक्षा असते का? त्यांना प्रश्नच कळला नाही. तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या सत्रात आलीस तर हेच करू." म्हणजे प्लिए, तॉंद्यू, हेच? "हेच. चौतीस वर्षं मीही हेच करतेय." मला हे पचायला वेळ लागला. आठवीपासून मी जे जे केलं त्याच्या पुढे काहीतरी होतं: स्कॉलरशिप, दहावी, सीईटी, प्लेसमेंट, व्हिसा. नाचाच्यासुद्धा परीक्षा होत्या आणि मी निकालाच्या दिवशी टक्के विचारायचे. यात पुढे काही नाही. आईला तर मी अजून पटवू शकलेले नाही. ती प्रत्येक फोनवर विचारते, "स्टेजवर कधी?" आणि मग, "कथक तरी पूर्ण करायचं होतंस." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण ती बरोबर बोलतेय. परवा मी तिला घुंगरांचा फोटो पाठवायला सांगितलं. पाठवला तिने. वर्तमानपत्र 2013 चं आहे.

सध्याची परिस्थिती अशी: दोन इंटरव्ह्यू झाले, एक नकार, एक अजून लटकलेला. पुण्यातूनही एका ठिकाणी बोलणं चालू आहे. कुठे असेन ते सप्टेंबरशिवाय कळणार नाही. पुढच्या सत्राचं रजिस्ट्रेशन गेल्या सोमवारी सुरू झालं, सकाळी. नऊ वाजून दोन मिनिटांनी मी नाव घातलं. पैसे वाया जाऊ शकतात, हे बाबांनी सांगून झालेलं आहे.

पिरुएट अजूनही पाऊणच होतं. टाच येते खाली. बाई म्हणतात, येऊ दे, मग परत वर घे.

चला, ड्रिल परत सुरू झालं, थांबते. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी काही शिकत असाल, पोहणं, तबला, काहीही, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावीन. आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे जागा निघाली असेल तर तेही कळवा. नोकरीची जागा हं.