‘निबेलुंगेन’चा वगळलेला भाग

फ्रिट्झ लांगने १९२४ साली मध्ययुगीन आख्यायिकेवरील ‘डी निबेलुंगेन’ हा दोन भागांचा मूकपट जर्मन जनतेला अर्पण केला. पहिल्या भागात वीर सिगफ्रिडच्या पाठीत भाला घुसतो. दुसऱ्यात मारेकऱ्याला स्वाधीन न करणारे राजबंधू सैन्यासह जळत्या सभागृहात नष्ट होतात. १९३३ साली, नाझी सत्तेवर आल्यावर, पहिलाच भाग ध्वनी जोडून पुन्हा दाखवला गेला. जर्मनीचा पराभव समाजवाद्यांनी व ज्यूंनी पाठीत खंजीर खुपसल्याने झाला, या कंड्यांना तो सोयीचाच होता. आंधळ्या निष्ठेचा शेवट दाखवणारा दुसरा भाग कोणाला हवा होता! ३० जानेवारी १९४३ रोजी मात्र गोअरिंगने स्टालिनग्राडात वेढलेल्या उपाशी सैनिकांना त्याच जळत्या सभागृहाचा दाखला देऊन अखेरपर्यंत लढायला सांगितले. तीन दिवसांनी उरलेल्यांनी शस्त्रे खाली ठेवली.