दुकानाच्या मदतीला एआय

पनवेलच्या बाजारात मसाले, पापड विकणाऱ्या ताईंनो, कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजेच एआय फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही. मोबाइलवरच्या एआय सहायकाला मराठीत सांगा, ‘आगरी मसाला, पाव किलो, घरपोच मिळेल, गिऱ्हाइकांसाठी चार ओळींचा निरोप लिहून दे.’ मजकूर लगेच तयार होतो, हवा तर हिंदीतही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ हा भाषांतराचा उपक्रमही मराठीत उपलब्ध आहे. मात्र भाव, वजन, तारीख स्वतः तपासा. एआय चुकीची माहितीही ठामपणे देतं. गिऱ्हाइकांचे फोन नंबर, बँकेचा तपशील, ओटीपी त्यात कधीच टाकू नका. आज एकच निरोप लिहून घ्या, मोठ्याने वाचा आणि पटला तरच पाठवा.