पाठीवरचें रुग्णालय



रुग्णालय म्हटलें कीं आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें एक इमारत उभी राहते. तिच्या पायऱ्या चढून गेलें म्हणजे आंत कोणीतरी आपली विचारपूस करील, हें आपण गृहीतच धरतों. परंतु जेथें दवाखान्याचें छप्पर शाकारून होतें न होतें तोंच तें जाळलें जाण्याचें भय, तेथें आजाऱ्यानें कोणाकडे जावें? आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशांतील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, डोंगराळ जमातींनीं या प्रश्नाचें जें उत्तर शोधलें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९८८ सालीं त्या देशांत लोकशाहीसाठीं प्रचंड चळवळ झाली आणि सप्टेंबरांत लष्करानें ती चिरडून सत्ता हातीं घेतली. त्या धामधुमींत सिंथिया मौंग नांवाच्या एक तरुण करेन डॉक्टर रानावनांतून थायलंडच्या हद्दींत आल्या. १९८९ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मे सोत या सरहद्दीवरील गांवीं एका मोडक्या घरांत दवाखाना मांडला. उपकरणें निर्जंतुक करण्यास यंत्र नव्हतें. भात शिजविण्याच्या भांड्यांत तीं उकळून घेत. लौकरच स्वदेशीं परतूं, ही आशा फळास आली नाहीं. दवाखाना मात्र वाढत गेला, आणि २००२ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिकाचा बहुमान लाभला.

परंतु मोई नदी ओलांडून जो येऊं शकेल त्यालाच हा दवाखाना. पलीकडच्या डोंगरांत, कित्येक दिवसांच्या वाटेवर तापानें फणफणलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग? म्हणून १९९८ सालीं करेन, करेन्नी व मोन आरोग्यसेवकांनीं फिरतीं पथकें उभारलीं. हिंवतापाचें औषध, मलमपट्टी, बाळंतपणाचें साहित्य, जें पाठीवरच्या पिशवींत मावेल तेंच त्यांचें रुग्णालय. हे सेवक त्याच मुलखांतले, तीच बोली बोलणारे. सैन्य येतांच गांव रानांत पळालें तर तेही गांवाबरोबर पळत आणि झाडाखालीं पुन्हा पिशवी उघडीत. त्यांच्यांतील कांहींना गोळीनें वा सुरुंगानें प्राणही गमवावे लागले.

या सेवेचें फळ मोजून पाहिलें गेलें आहे. २००५ ते २००८ या काळांत पूर्व ब्रह्मदेशांत गांवच्या सुइणी व आरोग्यसेवक यांच्या जोडीला अनेक महिने शिक्षण दिलेले प्रसूतिसेवक देण्यांत आले. गरज पडतां तेथल्याच गांवकऱ्याचें रक्त तपासून बाळंतिणीस देण्यापर्यंत त्यांची तयारी होती. अशा शिकलेल्या हातांनीं होणाऱ्या प्रसूतींचें प्रमाण शेंकडा ५.१ वरून ४८.७ वर गेलें.

गांवचें माणूस शिकवून तयार केल्यास काय साधतें, याचा दाखला महाराष्ट्रांतही आहे. ज्या गडचिरोली जिल्ह्यावर नक्षलवादी व पोलिस यांच्या संघर्षाची छाया वर्षानुवर्षें होती, तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ खेड्यांतील स्त्रियांना नवजात अर्भकाच्या घरगुती शुश्रूषेचें शिक्षण दिलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षीं, तुलनेसाठीं घेतलेल्या खेड्यांच्या मानानें तेथील नवजातांचे मृत्यू सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले होते.

कोणी विचारील, थोडक्या शिक्षणाचीं माणसें डॉक्टरची जागा कशी घेतील? तीं ती घेत नाहींत, आणि त्यांनीं ती घ्यावी असेंही कोणी म्हणूं नये. आडव्या आलेल्या मुलासाठीं शस्त्रवैद्यच हवा. परंतु रोगी शस्त्रवैद्यापर्यंत जिवंत पोंचावा, एवढ्यासाठीं तरी वाटेंत कोणी जाणता हवा ना?

मग दूर बसलेल्यांनीं साहाय्य कसें करावें? प्रथम, तें अखंड असावें. २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेनें परदेशांस द्यावयाचा निधी एकाएकीं थांबविला, तेव्हां थायलंडच्या सरहद्दीवरील निर्वासितांच्या छावण्यांतील, त्या निधीवर चालणारे दवाखाने बंद करावे लागले आणि रोग्यांना हलवावें लागलें. औषधाबरोबर सेवकाच्या पोटाचीही तरतूद व्हावी; त्यागाची स्तुति करून त्याची चूल पेटत नाहीं. आणि हिशेब मागतांना विवेक असावा. शहरांत पावतीवरील सही ही निव्वळ व्यवहाराची बाब. तेथें रोग्यांच्या नांवांची यादी शत्रूच्या हातीं पडली तर ती प्राणांवर बेतते. कोणत्या गांवाला काय हवें व तें कोणत्या वाटेनें न्यावें, हें तेथल्याच माणसांनीं ठरवावें.

२०२१ च्या फेब्रुवारींत लष्करानें पुन्हा सत्ता बळकावली, तेव्हां सरकारी रुग्णालयांतील असंख्य डॉक्टर व परिचारिका यांनीं काम सोडून निषेध केला, आणि त्यांतील कित्येक डोंगरांत जाऊन या पिशवीवाल्या सेवकांच्या शेजारीं उभे राहिले. पदवीधरांना तेथें निवारा मिळाला, कारण निवारा देणारें कोणीतरी त्या रानांत आधींपासून होतें. अशा माणसांना आपण दिलेली मदत हें दान नव्हे. युद्धाच्या वणव्यांतही विझूं न दिलेल्या एका दिव्यांत घातलेलें तें तेल आहे.