थेंब कुठून येतो?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सव म्हटला की जुन्या आठवणी सांगायच्या, असा रिवाज आहे. सचिवांनी मला मात्र वेगळाच विषय दिला. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक सूचना आली होती, की ज्या गाडीखाली ऑईल सांडतं ती गाडी पार्किंगमध्ये लावू देऊ नये. निर्णय पुढच्या सभेवर ठेवला आहे. सभेत ज्या गाड्यांकडं बोटं गेली त्यांत माझी १९८४ सालची बुलेट पहिली. सचिव म्हणाले, "काका, तुम्हीच बोला यावर." म्हणजे आरोपीलाच साक्षीला उभं केलंय!

आधी सूचनेच्या बाजूनं बोलतो. आपल्या पार्किंगचा उतार बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्याकडं आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस कोणी विसरलेलं नाही. तो खड्डा आपण हौसेनं घेतलेला नाही. पहिल्या पावसाबरोबर फरशीवरचं ऑईल कुठं जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि ओल्या फरशीवर ऑईल असलं की म्हाताऱ्या माणसाचा पाय सरकायला एक थेंब पुरतो. तेव्हा सूचना करणाऱ्या वहिनींवर माझा काडीचा राग नाही.

पण गाडी फाटकाबाहेर लावली तर थेंब नालीत पडेल, एवढाच फरक. गाडीखाली पुठ्ठा किंवा वाळूची पाटी ठेवणं हाही इलाज नव्हे. मी बँकेत तीन तपं काढली. संध्याकाळी हिशोबात फरक आला की तो सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाता येतं, पण फरक कुठल्या नोंदीत आहे ते कळत नाही. पुठ्ठा म्हणजे ते सस्पेन्स खातं. थेंब येतो कुठून, ते शोधलं पाहिजे.

आता बुलेट म्हटलं की लोक म्हणतात, "ऑईल गळत नसेल तर समजावं, आत ऑईलच नाही." हा विनोद मला मान्य नाही. १९५५ साली मद्रासला एन्फिल्डचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून त्याच पद्धतीचं लोखंडी इंजिन कित्येक वर्षं बनत राहिलं. चाळीस वर्षांचं रबर कडक होणारच, त्यात कंपनीचा काय दोष? आपले गुडघे तरी राहिलेत का पहिल्यासारखे?

हे इंजिन हवेवर थंड होतं. कारला रेडिएटर असतो, पाणी फिरतं, तापमान एका पातळीवर राहतं. इथं नुसते पंखे, म्हणजे सिलिंडरवरच्या त्या पातळ कडा. उन्हाळ्यात चाकूरहून येईपर्यंत इंजिन रसरसतं आणि सावलीत लावलं की निवत जातं. सिलिंडर बिडाचा आणि खालची क्रँककेस ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोन्हींच्या मध्ये कागदाचं पॅकिंग. रोजच्या या फुगण्या-आकसण्यात जोड सैल पडत जातो. त्यात आपली काळी माती! पावसाळ्यात शेतरस्त्यानं गेलं की चिखल त्या कडांमध्ये बसतो, वर ऑईलचा थर, त्यावर धूळ. इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखं होतं. उष्णता बाहेर जात नाही, रबरी सील आणखी कडक होतात, गळती वाढते, थर वाढतो. म्हणून इंजिन धुऊन स्वच्छ ठेवणं हे निव्वळ हौसेचं काम नाही.

आता खरी गोष्ट. पॅकिंग बदलून बदलून लोक दमतात आणि गळती थांबत नाही, कारण दोष बहुतेक वेळा पॅकिंगचा नसतोच. आतल्या हवेचा असतो. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, मिळून ३४६ सीसी. पिस्टन खाली आला की तेवढीच हवा खाली क्रँककेसमध्ये ढकलली जाते. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर सेकंदाला पन्नास वेळा. ही हवा बाहेर जायला ब्रीदरची नळी दिलेली असते आणि तिला रबराची एकमार्गी झडप असते, बदकाच्या चोचीसारखी. हवा बाहेर जाते, पण परत आत येत नाही. ही चोच कडक होऊन चिकटली, किंवा नळीत गाळ बसला, की हवा दुसरी वाट शोधते आणि जाताना ऑईल घेऊन जाते. कुकरची शिट्टी अडकल्यावर काय होतं, ते घरातल्या बायकांना विचारा. लातूरच्या एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचं पॅकिंग दोनदा बदलून झालं, नळीकडं कोणी पाहिलंच नाही. शेवटी आपल्या गावातल्या मिस्त्रींनी ती चोच बदलली. चहा-नाश्त्याएवढा खर्च. निम्मी गळती तिथंच थांबली.

पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर मात्र वरचा जळका वायूही खाली उतरतो, दाब फार वाढतो आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मग कुठलंच पॅकिंग टिकणार नाही. आधी इंजिनाचं काम करावं लागेल.

दुसरी गोष्ट डिपस्टिकची. बुलेटची ऑईलची टाकी क्रँककेसमध्येच, मागच्या बाजूला असते. गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं ऑईल पंपाच्या फटीतून हळूहळू खाली झिरपतं. मालक येतो, डिपस्टिक बघतो, ऑईल कमी! लगेच अर्धा लिटर ओततो. गाडी सुरू झाली की खालचं ऑईल वर येतं, टाकी तुडुंब होते आणि जादा ऑईल ब्रीदरमधून फरशीवर. मालक म्हणतो, गाडी गळते. अहो, गाडी गळत नाही, तुम्ही जास्त ओतलंय! म्हणून पातळी बघायची ती गाडी थोडी फिरवून आणल्यावर, सरळ उभी करून.

आणि पान्याचा मोह आवरावा. गळतंय म्हणून नट आवळला, आणखी गळालं म्हणून आणखी आवळला, असं आपल्याकडं चालतं. क्लचच्या बाजूचं मोठं कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं. तो फार आवळला की कव्हर वाकतं आणि कडेनं ऑईल जास्तच येतं. तिथं काम करतं ते खाचेतलं रबर, नट नव्हे. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की खर्च निराळाच. सिलिकॉनचंही तसंच. बोटभर थापलं की बाहेर दिसतं तेवढंच आतही गेलेलं असतं, आणि त्याचे तुकडे ऑईलच्या वाटेत अडकतात.

जागा शोधायची कशी? फरशीवरच्या डागावर विश्वास ठेवू नका. वरून आलेलं ऑईल वाऱ्यानं मागं सरकतं आणि सगळ्यांत खालच्या बोल्टवरून टपकतं. बिचाऱ्या त्या बोल्टचा काही गुन्हा नसतो. इंजिन थंड असताना डिझेलनं धुवा, कोरडं पुसा, वर बाळाची पावडर भुरभुरवा. शिरूर ताजबंदपर्यंत जाऊन या. पावडर जिथं सर्वांत वर ओली दिसेल, तिथून सुरुवात आहे. टॅपेटचं छोटं झाकण, रॉकरची झाकणं, खालच्या प्लगांचे वायसर, गिअरबॉक्सचं ऑईल सील, नेहमीचे संशयित हेच.

परदेशातल्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिनही हवेवरच थंड व्हायचं. अशा दोन कोटींच्या वर गाड्या २००३ पर्यंत बनल्या आणि त्यांच्या मालकांनाही हाच छळ होता. तिथं वाल्व्हच्या झाकणाला नट नाहीच, तारेची स्प्रिंग आहे. आवळायची सोयच ठेवली नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. चेतकवाल्यांनी मात्र हसू नये. तिच्या इंजिनात ऑईल पेट्रोलबरोबर जळतं हे खरं, पण गिअरचं ऑईल सील गेलं की डाग तोच.

माझी बुलेट या दिवाळीपासून कोरडी आहे. समितीला विनंती एवढीच, की सूचना मंजूर करण्याआधी दोन महिन्यांची मुदत द्यावी. येत्या रविवारी सकाळी सातला मी आणि मिस्त्री खाली पार्किंगमध्ये बसतो. ज्यांची गाडी गळते त्यांनी आणावी. काढलेलं ऑईल नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतायचं नाही. नियमानं तो घातक कचरा आहे. वॉचमनच्या खोलीजवळ झाकणाचा कॅन ठेवतो, त्यात टाका. भरला की मिस्त्री तो रीतसर गोळा करणाऱ्याकडं पोचवतील. पावडरचा डबा मात्र प्रत्येकानं आपापल्या घरून आणावा. आमच्या घरातला मागच्या वेळीच संपला आणि त्याबद्दल मला अजून ऐकून घ्यावं लागतंय.