‘रन’ म्हणजे नुसते धावणे नव्हे



‘रन’ म्हणजे धावणे, एवढेच आपण घोकतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ दिले आहेत. ते पाठ कोण करणार? तशी गरजही नाही. आपली मराठी पहा. दुकान चालते, यंत्र चालते, सिहोऱ्याहून तुमसरला बस चालते, संस्था शाळा चालविते. घरी उर्दू बोलणारी आईही ‘दुकान चलती है’ असेच म्हणते. इंग्रज मात्र या सर्व ठिकाणी धावतो! आमचा विद्यार्थी तेथे ‘वॉक’ लिहितो आणि गुण गमावतो.

तेव्हा पालकहो, इंग्रजी येत नसले तरी मुलाजवळ बसा. ‘चालणे’ची दहा वाक्ये त्याच्याकडून म्हणवून घ्या. प्रत्येकात ‘रन’ बसते काय, हे त्याने दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारावे. सर्वत्र बसणार नाही. इंग्रजीत नाक धावते, आपले वाहते. निवडणुकीला उमेदवार अमेरिकेत धावतो. इंग्लंडात मात्र आपल्यासारखाच उभा राहतो. आणि आपल्या रोजच्या ‘चालेल’ला तर ‘रन’ मुळीच चालत नाही. तेथे ‘डू’ लागते.