सन्मान करणाऱ्याची कसोटी

(भुशी, ता. मावळ येथे झालेल्या व्याख्यानाचा लेखबद्ध भाग)



भुशीच्या धरणाची भिंत ज्यांच्या हातांनी रचली गेली, त्यांची नावे कोणाच्या स्मरणात नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला वाफेच्या इंजिनांसाठी पाणी हवे होते. त्या गरजेपोटी हा दगडी बांध उभा राहिला. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तो पुरा होईपर्यंत हजारो मजूर कड्याकपारींत राबले. त्यांतील कित्येक पटकीने आणि अपघातांनी दगावले. त्यांच्या वाट्याला ना मानपत्र आले, ना पाटी.

अपवाद एकाचाच, आणि तोही लोकांनी केलेला. घाटातून जाणारा वाहनचालक आजही ज्याच्यापुढे हात जोडतो, नाणे वाहतो, तो शिंग्रोबा धनगर. त्याची आख्यायिका मावळात आणि खोपोलीकडे सर्वांच्या तोंडी आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांना घाटाची वाट सापडेना. गुरांमेंढरांमागे तो डोंगर पायाखाली घातलेल्या या धनगराने ती दाखवून दिली. साहेब प्रसन्न झाला आणि त्याने बक्षीस काय हवे ते विचारले. शिंग्रोबाने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याला गोळी घालण्यात आली. या कथेला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न इतिहाससंशोधकांचा. परंतु लोकमानसाने ती दीडशे वर्षे जपली, यामागे एक मार्मिक जाण आहे. बक्षीस देऊ करणे सोपे असते. घेणाऱ्याने तोंड उघडल्यावर देणाऱ्याचे खरे रूप उघडे पडते.

स्वतंत्र भारतात महाराष्ट्र राज्याने आपल्या कर्तबगार सुपुत्रांसाठी आणि सुकन्यांसाठी जो सर्वोच्च नागरी सन्मान निर्माण केला, त्या ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या वाटचालीकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पुरस्काराचे मानकरी किती थोर, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. त्यांचे थोरपण पुरस्कारापूर्वीच सिद्ध झालेले होते. पारखले गेले ते सन्मान करणारे शासन आणि त्यामागे उभा असलेला समाज.

१९९५ साली राज्यात शिवसेना-भाजप युतीचे शासन आले आणि त्याच शासनाने हा पुरस्कार सुरू केला. मुख्यमंत्री मनोहर जोशी होते. १९९६ सालचे पहिले मानकरी म्हणून पु. ल. देशपांडे यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा मराठी घरांमध्ये आपल्याच वडीलधाऱ्या माणसाचा सत्कार होत असल्याचा आनंद पसरला. युतीच्या कार्यकर्त्यांना तर दुहेरी समाधान होते. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत हाच विनोदी लेखक आपली प्रतिष्ठा पणाला लावून जनता पक्षाच्या प्रचारासाठी गावोगाव फिरला होता. ज्या घरांतील कर्ते पुरुष कारागृहात होते, त्या घरांनी ती भाषणे जिवाचा कान करून ऐकली होती. विजयानंतर पु. लं.नी पद मागितले नाही. ते पुन्हा आपल्या लेखनाकडे आणि रंगभूमीकडे वळले.

हेच पु. ल. पुरस्कार स्वीकारताना बोलले, आणि अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सत्तेच्या जवळ असणारी माणसे लोकशाहीची हेटाळणी करतात आणि ठोकशाहीचा गौरव करतात, याचे दुःख त्यांनी त्या प्रसंगी लपविले नाही. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांचा जाहीरपणे, अत्यंत कठोर शब्दांत समाचार घेतला. पुरस्कार दिल्याचा पश्चात्ताप व्हावा, असाच त्या बोलण्याचा सूर होता. वस्तुतः हे नाते जुने होते. पु. ल. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षक असताना बाळासाहेब तेथे विद्यार्थी होते. गुरूने कान उपटावा आणि शिष्याने तो झटकून टाकावा, असे काहीसे ते दृश्य होते. महाराष्ट्र मात्र व्यथित झाला.

या प्रसंगाविषयी युतीच्या समर्थकांनी पुढे मौन पाळणेच पसंत केले. ते मौन योग्य नव्हते. १९७७ साली ज्या निकषावर पु. लं.नी एका सत्तेला तोलले, तोच निकष त्यांनी १९९६ साली दुसऱ्या सत्तेला लावला. पहिल्या वेळी टाळ्या वाजविणाऱ्यांना दुसऱ्या वेळी कान झाकून घेण्याचा अधिकार कसा पोहोचतो? सन्मान म्हणजे गप्प बसण्याचे मोल, असे पु. लं.नी मानले नाही. ते त्यांच्या स्वभावातच नव्हते, आणि म्हणूनच तर त्यांचा सन्मान होत होता! एक गोष्ट शासनाच्याही बाजूने नोंदविली पाहिजे. रोष झाला, पण पुरस्कार परत घेतला गेला नाही. पुढे मुंबईत प्रभादेवी येथील राज्याच्या कला अकादमीला पु. लं.चे नाव देण्यात आले, तेव्हा शासन दुसऱ्या पक्षांचे होते. त्या नावाला युतीतील कोणी विरोध केल्याचे ऐकिवात नाही.

यानंतरची काही नावे अशी की, त्यांच्याविषयी दुमत संभवतच नव्हते. १९९७ साली लता मंगेशकर, पुढे परम महासंगणकाचे शिल्पकार विजय भटकर, २००१ साली सचिन तेंडुलकर, २००२ साली पंडित भीमसेन जोशी. देणाऱ्याला अशा निवडींत कसला धोका नसतो. गळ्यात हार घालणाऱ्याची छबीही त्यांच्याबरोबर वृत्तपत्रांत झळकते, हा लाभ वेगळाच.

परंतु २००३ साली काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या शासनाने डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची निवड केली, ती आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. या दाम्पत्याने १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभिले. खेड्यातील, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांवर घरीच उपचार करता येतात आणि अर्भकमृत्यू मोठ्या प्रमाणावर टळतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आशा कार्यकर्तीच्या हाती आज नवजात बालकाच्या गृहभेटीचे जे काम आहे, त्याचे मूळ गडचिरोलीच्या त्या खेड्यांत सापडते. आणि तरीही पुरस्कारापूर्वी एकदोन वर्षेच डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून शासनाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. महाराष्ट्रात प्रत्यक्षात जेवढी बालके दगावतात, त्यांतील फार मोठ्या भागाची सरकारी दप्तरात नोंदच होत नाही, असे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले होते. ज्याने आपले वाभाडे काढले, त्यालाच भूषण म्हणण्याचे धैर्य त्या शासनाने दाखविले. राजकीय विरोधकाचेही श्रेय मान्य करण्यात कमीपणा नसतो.

त्यापुढच्या वर्षीचे मानकरी बाबा आमटे. आनंदवनाविषयी या सभेला सांगावयास नको. एवढेच स्मरण करून द्यावयाचे की, १९९१ साली याच बाबांनी नर्मदा खोऱ्यातील वनवासींच्या प्रश्नावर पद्मश्री आणि पद्मविभूषण हे दोन्ही सन्मान भारत सरकारला परत केले होते. नर्मदेवरील धरणांविषयीची त्यांची भूमिका अनेकांना मान्य नव्हती. सरदार सरोवराच्या पाण्याने गुजरातची तहान भागविली, हेही सत्य आहे. पण मोठेपण मान्य करण्यासाठी मत मान्य असावेच लागते, असे ज्यांना वाटते त्यांनी कुष्ठरुग्णाच्या जखमा धुण्याचे काम एक दिवस तरी करून पाहावे.

मधल्या काळात रघुनाथ माशेलकर, रतन टाटा, मंगेश पाडगावकर, सुलोचनादीदी, जयंत नारळीकर, अनिल काकोडकर हे मानकरी झाले. नावे उच्चारताच श्रोत्यांच्या माना डोलतात. मात्र २००७ सालचे रा. कृ. पाटील कोण, असे विचारले तर बहुतेक सभागृहांत शांतता पसरेल. आयसीएस ही इंग्रजी राज्यातील सर्वांत मानाची नोकरी १९४२ च्या आंदोलनाच्या प्रेरणेने सोडणारा हा विदर्भातील पुरुष. स्वातंत्र्यानंतर १९५० साली नेमलेल्या पहिल्या नियोजन आयोगाचे ते सदस्य होते. पुढे त्यांनी विनोबांच्या भूदान कार्याला वाहून घेतले. राज्य पुरस्काराच्या इतिहासातील ही सर्वांत कमी गाजलेली आणि कदाचित सर्वांत नेमकी निवड. विस्मरणात गेलेल्याला शोधून काढणे, हे तर सन्मानाचे मुख्य प्रयोजन असावयास हवे. प्रसिद्धाला आणखी प्रसिद्धी देण्यासाठी शासनाची गरज ती काय?

२०११ नंतर काही वर्षे पुरस्कार दिलाच गेला नाही. २०१५ साली शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचे नाव जाहीर झाले आणि महाराष्ट्राचे दोन तट पडले. ‘राजा शिवछत्रपती’ ग्रंथ आणि ‘जाणता राजा’ हे महानाट्य यांतून ज्या व्यक्तीने तीन पिढ्यांना गडकिल्ल्यांची ओढ लावली, त्याला विरोध कसा होऊ शकतो, असे असंख्य घरांना वाटले. येथून जवळच लोहगड आणि विसापूर उभे आहेत. त्या वाटा तुडविणाऱ्या तरुणांपैकी कितीतरी जण बाबासाहेबांचे बोट धरूनच प्रथम गडावर गेले. विरोधकांचा आक्षेप त्यांच्या इतिहासलेखनावर होता. शिवरायांच्या आणि जिजाऊंच्या चित्रणावर होता. दादोजी कोंडदेवांना दिलेल्या स्थानावर होता. ग्रंथावर टीका करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि शिवचरित्रासारख्या विषयावर ती तीव्र होणारच. तिला उत्तर साधनांनी द्यावे, पुराव्यांनी द्यावे. मात्र वाद पाहता पाहता लेखकाच्या जातीवर घसरला. वयाची ९३ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला असे शब्द ऐकावे लागले की, ते येथे उच्चारूही नयेत. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, आणि १९ ऑगस्ट २०१५ रोजी राजभवनात बंदोबस्तात समारंभ पार पडला. ज्याचे महानाट्य उघड्या मैदानावर हजारोंच्या साक्षीने होई, त्याचा सत्कार भिंतींच्या आत करावा लागला. दहा लाखांच्या रकमेतील केवळ दहा पैसे बाबासाहेबांनी प्रसाद म्हणून ठेवले. उरलेल्या रकमेत पदरचे पंधरा लाख घालून ती कर्करुग्णांच्या उपचारासाठी देण्याचे त्यांनी जाहीर केले. २०२१ साली ते निवर्तले. त्या वादाची कटुता मात्र पुरती ओसरलेली नाही.

आता ज्या प्रसंगाविषयी बोलणे जड जाते, तो. २०२२ सालचा पुरस्कार रेवदंड्याचे आप्पासाहेब धर्माधिकारी यांना जाहीर झाला. त्यांचे वडील नानासाहेब यांना २००८ सालचा सन्मान मरणोत्तर लाभला होता. निरूपणाच्या बैठकींतून व्यसनमुक्ती, स्वच्छता, वृक्षारोपण अशा कामांकडे लाखो सामान्य माणसे वळविणारे हे घराणे. निवडीबद्दल खळखळ करण्याजोगे काही नव्हते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते पुरस्कार देण्यात आला. पुरस्काराची रक्कम आता पंचवीस लाख झाली होती. ती आप्पासाहेबांनी मुख्यमंत्री साहाय्यता निधीला अर्पण केली. व्यासपीठावर छत होते. समोर बसलेल्या लाखोंच्या डोक्यावर चैत्रवैशाखाचे ऊन होते. श्रीसदस्यांची शिस्त अशी की, आदल्या रात्रीपासून येऊन बसलेली माणसे जागची हलली नाहीत. उष्माघाताने त्यांतील १४ जणांचा मृत्यू झाला.

गर्दी म्हणजे काय, हे भुशीला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते या परिसराने पाहिले आहे. तेथे निदान असे म्हणता येते की, माणसे आपण होऊन आली होती. खारघरला ती निमंत्रणावरून आली होती. समारंभ शासनाचा होता. सत्काराची उंची उपस्थितांच्या संख्येने मोजण्याचा मोह अनावर झाला, आणि दुपारचे ऊन कोणाच्या हिशेबात आले नाही. मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्यात आले, चौकशी समिती नेमण्यात आली, आणि उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर शासकीय कार्यक्रम न घेण्याचे ठरले. ते अगोदर का सुचले नाही, हा प्रश्न विरोधकांनी विचारला म्हणून अप्रस्तुत ठरत नाही. आपल्या विचारांचे शासन असताना तो आपल्याच माणसांनी अधिक मोठ्याने विचारावयास हवा होता. ज्यांच्या घरचे माणूस गेले, ती घरेही आपलीच होती.

त्यानंतर अशोक सराफ यांना २०२३ सालचा, आणि शिल्पकार राम सुतार यांना २०२४ सालचा पुरस्कार मिळाला. राम सुतार धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. १८२ मीटर उंचीची सरदार पटेलांची प्रतिमा ज्यांनी घडविली, ते हे सुतार. मार्च २०२५ मध्ये पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली होती. मुंबईपर्यंतचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री नोएडा येथे त्यांच्या राहत्या घरी गेले आणि तेथे, घरच्या माणसांच्या उपस्थितीत, त्यांना मानपत्र देण्यात आले. मैदान नव्हते, मंडप नव्हता. पुढच्याच महिन्यात सुतारांनी देह ठेवला.