मेंढवाड्यांतील उमेदवारी

चीझ हा पदार्थ आतां आपल्या शहरी घरांत अपरिचित राहिलेला नाहीं. परंतु तें मेंढीच्या दुधाचेंही होतें, हें पुष्कळांना नवें वाटेल. आपल्याकडील धनगर दख्खनी मेंढ्या पाळतात त्या मुख्यतः मांसासाठीं व लोकरीसाठीं. स्पेनच्या उत्तरेकडील बास्क डोंगरांत मात्र लाचा जातीची, लांब राठ लोकरीची मेंढी दुधासाठीं पाळतात. त्या दुधाच्या चीझला इदियासाबाल म्हणतात. हें नांव वाटेल त्यानें वापरूं नये म्हणून १९८७ पासून त्याला कायद्याचें संरक्षण आहे.

ही विद्या शतकानुशतकें बापाकडून मुलाकडे जात असे. पुढें मुलें कारखान्यांकडे वळलीं आणि कुरणावर शिकणारा उरेना. म्हणून १९९७ सालीं ओन्याती गांवाजवळ, अरांत्सासूच्या मठाच्या परिसरांत, मेंढपाळांची शाळा निघाली. मेंढपाळाला शाळा कशाला, असें कोणी विचारील. पण जेथें बाप हीच शाळा होती, तेथें ज्याचा बाप मेंढपाळ नाहीं त्यानें शिकावें कोठें? येथें कांहीं काळ वर्गांत आणि पुढें एखाद्या जाणत्या मेंढपाळाच्या हाताखालीं उमेदवारी, असा क्रम आहे; खरी परीक्षा या दुसऱ्या भागांतच होते.

दूध उकळावयाचें नाहीं, हा इदियासाबालचा नियम. त्यामुळें एका मेंढीच्या सुजलेल्या कासेची धार काहिलींत पडली कीं सगळी काहील धोक्यांत येते. उमेदवाराच्या वाट्यास प्रथम भांडीं घासण्याचें काम येतें; त्याला हलकें मानणाऱ्यानें या धंद्यांत पडूंच नये. मेंढी हंगामभरांत दीडेकशे लिटर दूध देते आणि किलोभर चीझला सहा-सात लिटर लागतें. नासाडी परवडणार कशी?

दूध २८ ते ३२ अंश सेंटिग्रेडपर्यंत कोमट करून त्यांत कोकराच्या जठरांतून काढलेलें द्रव्य घालतात. सुमारें अर्ध्या तासांत तें गोठतें. मग तें कापून तांदळाएवढे किंवा जरा मोठे कण करावयाचे आणि पुन्हा ३४ ते ३८ अंशांपर्यंत ऊन करीत ढवळावयाचें. थांबावें केव्हां? येथें तापमापक मुका होतो. गुरु कणांची मूठ भरतो, दाबतो, उघडतो, अंगठ्यानें चुरतो आणि म्हणतो, "आतां." उमेदवारही मूठ भरतो, त्याला कांहींच उमगत नाहीं. असे कित्येक दिवस जातात. फळ्यावर हें लिहून देणारा शिक्षक अद्याप जन्मास यावयाचा आहे!

पुढें साच्यांत दाबणें, मीठ लावणें, आणि निदान ६० दिवस मुरविणें. म्हणजे चैत्रांतील चूक ज्येष्ठांत कळावयाची. पूर्वीं धुराडें नसलेल्या झोपड्यांत या ढेपा चुलीच्या धुरानें आपोआप धुरकटत. त्या चवीची गोडी लागली म्हणून कांहींजण आज मुद्दाम धुरी देतात.

साठ दिवसांनंतर गुरु ढेपेंत पोकळ सळई खुपसून बारीक कांडी बाहेर काढतो. आधीं वास घेतो, मग बोटांनीं मोडून पाहतो, आणि उरलेला तुकडा न बोलतां उमेदवाराच्या हातावर ठेवतो.